सहासष्ट दाखवणाऱ्या डब्याची कैफियत

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, मित्रांनो. मी सीपीयू नाही. तीस वर्षं झाली, जो येतो तो माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणतो, "हा सीपीयू जरा तिकडं सरकवा." अरे बाबांनो, सीपीयू म्हणजे माझ्या पोटात बसलेला बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. मी नुसता पत्र्याचा डबा. दुकानदार मला कॅबिनेट म्हणायचे. आता रंग पिवळट पडला आहे आणि डाव्या अंगाला पोचा आला आहे, पण आहे मी डबाच. हे सांगून सांगून मी बेजार झालो. अर्थात, सांगितलं ते मनातल्या मनात. डब्याला तोंड असतं, आवाज नसतो.

माझ्या वेळच्या डब्यांच्या तोंडावर तीन गोष्टी असत. एक चालू-बंद करायचं बटण, एक 'टर्बो' नावाचं, वेग कमी-जास्त करायचं बटण, आणि एक छोटी काळी खिडकी. त्या खिडकीत दोन हिरवे आकडे पेटत. प्रत्येक आकडा सात लहान दांड्यांचा. आठ दाखवायचा तर सातही पेटवायच्या, एक दाखवायचा तर दोनच. लोकांना वाटे, आतली मशीन किती वेगानं चालली आहे ते ही खिडकी मोजून सांगते, मोटारसायकलचा काटा सांगतो तसं.

मित्रांनो, ती खिडकी काहीसुद्धा मोजत नव्हती! तिच्या मागं बारीक पिनांची रांग होती. त्या पिनांवर तांदळाच्या दाण्याएवढ्या प्लास्टिकच्या टोप्या बसवायच्या. जशा टोप्या बसवाल तसा आकडा. नव्व्याण्णव लावा, नव्व्याण्णव दिसेल. आत मशीनच नसली तरी दिसेल. इतकी साधी गोष्ट, पण ती कुणाला माहीत नव्हती, आणि माझी सगळी फजिती तिथूनच सुरू झाली.

माझी जुळणी १९९५ साली एका मोठ्या शहरातल्या दुकानात झाली. जुळणी करणाऱ्या कामगारानं माझ्या पोटात बोर्ड बसवला, बोर्डावर तो चौकोनी तुकडा बसवला, त्यावर पंखा घट्ट आवळला. मग टोप्यांची डबी हातात घेऊन त्यानं मालकाला विचारलं, "शेठ, आकडा तेहतीसचा लावू ना? प्रोसेसर तेहतीसचाच आहे."

मालक वर न बघताच म्हणाला, "बिलात सहासष्ट लिहिलंय. सहासष्ट लाव."

"पण शेठ..."

"अरे, माल गंगाखेडला जाणार. तिथं पंखा काढून कोण बघतंय?"

कामगारानं सहासष्ट लावला. टर्बोचं बटण दाबल्यावर कमी आकडा दिसायला हवा, म्हणून सोळा लावला. सोळाच का? तर टोप्या तेवढ्याच उरल्या होत्या. असं माझं बारसं झालं.

मला विकत घेणारे गृहस्थ होते सिद्धोधन सर. बी.एस्सी. झालेले, तिशीच्या आतले, उंच आणि काटक. गंगाखेडमध्ये त्या वेळी कुणी संगणक जवळून पाहिला नव्हता. सरांनी बसस्टँडच्या मागं दोन खोल्या घेतल्या, खिडक्यांना जाड पडदे लावले, कोपऱ्यात कूलर ठेवला आणि क्लास सुरू केला. तोही एका मशीनवर. ती मशीन म्हणजे मी.

माझा तिथं काय थाट होता म्हणून सांगू! मुलंमुली चपला बाहेर काढून आत येत. धूळ बसू नये म्हणून सरांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, माझ्यासाठी फुलाफुलांचं झाकण शिवलं होतं. साखर कारखान्यातल्या कामगारांची मुलं येत, आसपासच्या गावांतून एसटीनं मुली येत. दहा-दहा जणांनी माझ्याभोवती कोंडाळं करायचं आणि एकानं कळा दाबायच्या. सरांनी दारावर पाटी रंगवून घेतली होती, 'येथे ६६ मेगाहर्ट्झ संगणकावर शिकवले जाते.' नवा विद्यार्थी आला की सर आधी माझ्या खिडकीकडं बोट दाखवत. "बघा, सहासष्ट. म्हणजे एका सेकंदात सहा कोटी साठ लाख ठोके. हे यंत्र स्वतः मोजतं."

मुलं तोंडात बोटं घालत आणि मी आतल्या आत चरफडत असे. सर खोटं बोलत नव्हते, हे लक्षात घ्या. त्यांचा त्यावर पुरता विश्वास होता. खोटं माझ्या कपाळावर चिकटवलेलं होतं, आणि ते मला पुसता येत नव्हतं.

एकीला मात्र ते खटकलं. तिचं नाव राजेश्री. ताडकळसकडच्या शेतकऱ्याची ही मुलगी अकरावीसाठी गंगाखेडला मामाकडं, आश्रुबांकडं, राहत होती. घर जवळ असल्यानं ती सगळ्यांच्या आधी येई. माझं झाकण काढी, घडी घाली आणि सरांच्या परवानगीनं मला चालू करी. चालू होताना माझ्याशेजारच्या टीव्हीसारख्या पडद्यावर दोन-तीन सेकंद एक चौकट येते. आत काय काय बसवलं आहे त्याची यादी असते तिच्यात. ती यादी कुणी वाचत नसे. राजेश्री वाची. तिनं वहीत उतरवून घेतलं होतं, 'प्रोसेसरचा वेग ३३.'

मग तो दिवस उजाडला. सरांनी पालकांना क्लास बघायला बोलावलं होतं. खुर्च्या कमी पडल्या, काही जण भिंतीला टेकून उभे राहिले. आश्रुबामामा पुढच्या रांगेत होते. सरांनी सहासष्टचं सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "कुणाला काही शंका?"

राजेश्री उभी राहिली. "सर, एक इचारू?"

"विचार की."

"डब्यावर सहासष्ट हाय. पण मशीन चालू होताना पडद्यावर तेतीस यायलंय. मी चार येळा बगितलं. यातलं खरं कोणतं, सर?"

खोलीत फक्त कूलरचा आवाज राहिला. मी मनात म्हटलं, शाब्बास पोरी! आता सर मला एकदा बंद करून चालू करतील, पडद्याकडं बघतील, आणि माझी या खोट्यातून सुटका होईल. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

सरांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "डब्यावरचं यंत्र मोजून सांगतं. मशीनपेक्षा तुला जास्त कळतं का? खाली बस."

मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. राजेश्री खाली बसली. मामांनी दारातच तिला ऐकवलं, "चार बुकं शिकलीस न्हाई तर सरांच्या चुका काढायलीस? लय झालं तुझं शिक्षण." दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. परीक्षा झाल्यावर शिक्षण थांबवून तिला ताडकळसला परत पाठवलं, असं पुढं कानावर आलं.

मला सरांचा राग आला होता, आजही येतो. पण त्यांची बाजूही मी जवळून पाहिली होती, ती सांगितली पाहिजे. त्यांच्या घरात तोवर कुणी दुकानसुद्धा काढलं नव्हतं. क्लास काढला तेव्हा गावातले चार जण उघड म्हणाले होते, "ह्येचं काय टिकतंय? सहा महिन्यांत कुलूप लागतंय बगा." सर ते विसरले नव्हते. भरल्या खोलीत एका मुलीनं शंका काढली, ती त्यांना शंका वाटलीच नाही. कुणीतरी कुलूप घेऊन आलंय, असं वाटलं. पण म्हणून काय झालं? पडद्याकडं बघायला काय हरकत होती?

क्लास टिकला, चांगला वाढला. नव्या मशीन आल्या. त्यांच्या तोंडावर आकड्यांची खिडकी नव्हती, आणि ती का नाही असं कुणी विचारलंही नाही. मी आधी कोपऱ्यात गेलो, मग प्रिंटरखालचा पाट झालो. एका दुरुस्तीवाल्यानं माझी खिडकी उपसून काढली आणि त्या भोकातून कसलीशी वायर ओवली. खिडकी कचऱ्यात गेली. तोंडावर खिंडार घेऊन मी माळ्यावर चढलो. तिथं उंदरांनी उरलेल्या वायरी खाल्ल्या. हा माझा सन्मान!

गेल्या वर्षी क्लासला तीस वर्षं झाली. पहिल्या तुकडीतल्या रोहिणीनं जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठरवला. तिचा सरांना फोन आला, "सर, आपला पयला कॉम्प्युटर हाय का अजून? स्टेजवर ठेवू. त्यो सहासष्टचा आकडा पेटवायचा बरं का, त्याच्याशिवाय मजा न्हाई."

मला माळ्यावरून उतरवलं सरांच्या मुलीनं, संघप्रियानं. ती तंत्रनिकेतनमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि सुट्टीत घरी जुन्या वस्तू जिवंत करत बसते. तिनं माझ्या तोंडावरचं खिंडार पाहिलं आणि जुनी खिडकी शोधायला लागली. बाजारात नाही, भंगारात नाही. ज्यांच्याकडं आहे ते द्यायला तयार नाहीत. शेवटी ती म्हणाली, "मीच बनवते."

मित्रांनो, या बनवण्याच्या नादात तिनं माझे जे हाल केले ते विचारू नका. आकड्यांचे हिरवे दिवे मागवले, ते आले लाल. बदलून आणले तर दोन सूत मोठे निघाले. कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकची चौकट छापली, ती बसेना, म्हणून चौकट सोडून माझ्याच तोंडाला कानस लावली. एका छोट्या चिपमध्ये तिनं सहासष्टचा आकडा लिहून ठेवला आणि दिवे जोडले. मोठ्या कौतुकानं वडिलांना हाक मारली. दिवे लागले. नव्व्याण्णव! खिडकी उलटी बसवली होती. तीस वर्षं मी एका खोट्या आकड्यानं गांजलो होतो, आता त्याहून मोठा मिळाला.

खिडकी सुलटी झाल्यावर ती माझ्या पोटाकडं वळली. बोर्डावरची जुनी बॅटरी फुटून हिरवं-निळं पाणी पसरलं होतं. दोन आठवडे तिनं ब्रशनं घासून ते काढलं, बोर्डावरच्या तुटलेल्या तांब्याच्या रेघा तारेनं सांधल्या, उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्या. मग साफसफाई करायला पंखा उचलला. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तो पंखा उचलला.

"पप्पा," तिनं हाक मारली, "ही मशीन सहासष्टची होती ना?"

"मग! पाटीवर रंगवून घेतलं होतं मी."

"इथं तेहतीस छापलंय."

सर उठून आले. चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. "चालू कर," ते म्हणाले.

संघप्रियानं पंखा परत बसवला, पडदा जोडला. मी घरघरलो, खोकलो आणि चालू झालो. चौकट आली. या वेळी सरांनी ती शेवटपर्यंत वाचली. मग ते खाटेवर जाऊन बसले.

"ती पोरगी बरोबर होती," ते म्हणाले.

"कोण पोरगी?"

सरांनी सगळं सांगितलं. कूलरचा आवाज, मागचं हसणं, आश्रुबामामा, काहीच गाळलं नाही. त्यांना सगळं आठवत होतं! मग तीस वर्षं काय केलं? मला ओरडावंसं वाटलं. संघप्रियानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाली, "मला तर तुम्ही लहानपणापासून सांगता, प्रश्न विचार, प्रश्न विचार."

"त्याच्यानंच सांगतो," सर म्हणाले.

रोहिणीनं पत्ता काढून दिला. राजेश्री ताडकळसच्या आठवडी बाजारात डाळी आणि धान्य विकते. सर म्हणाले, मशीन घेऊनच जायचं. मग काय, मला चादरीत गुंडाळलं आणि बापलेकी मला घेऊन एसटीत. परभणीला गाडी बदलली. कंडक्टर म्हणाला, "काका, सीपीयू सीटवर नका ठेवू, मांडीवर घ्या." ताडकळस येईपर्यंत मी सरांच्या मांडीवर होतो आणि खड्ड्याखड्ड्याला त्यांच्या हनुवटीवर आपटत होतो.

बाजारात गर्दी होती. राजेश्रीच्या दुकानासमोर रांग होती. सत्तेचाळीस वर्षांची बाई, डोक्यावर पदर, समोर बॅटरीवरचा वजनकाटा. मी बघत राहिलो. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती आधी लोखंडी एक किलोचं वजन काट्यावर ठेवून दाखवत होती. "बगा, एक किलो एक किलोच दाखवायलाय का? हौ? मंग घ्या आता तूरडाळ." गिऱ्हाईक मान हलवी, मगच माप पडे.

सर पुढं झाले. "राजेश्री, मी सिद्धोधन. गंगाखेडचा. ही माझी मुलगी."

तिनं वर पाहिलं. हातातलं माप तसंच राहिलं. मग म्हणाली, "सर, थांबा जरा. गिऱ्हाईक हायत."

सर पोत्यावर बसून राहिले. मी त्यांच्या मांडीवर. रांग संपायला तास गेला. ती हात झटकत आली तेव्हा सर उभे राहिले. त्यांनी काही प्रस्तावना केली नाही. "पडद्यावरचं खरं होतं. तेहतीसच होतं. मी तेव्हा बघितलं नाही आणि तुला खाली बसवलं. तुझं शिक्षण माझ्यानं सुटलं. माफी मागायला आलोय."

राजेश्रीनं पदर सारखा केला. "शिक्षण मामानं सोडवलं, सर. पण मामाला निमित्त तुमी दिलं." ती सावकाश बोलत होती. "मला काय पायजे होतं तवा? तुमी एक डाव पडद्याकडं बगावं, एवढंच. मी चुकले असते तर चुकले असते. तुमी बगितलंच न्हाई, त्येच लय लागलं."

"हौ," सर म्हणाले.

संघप्रियानं वातावरण हलकं करायला चादर काढली आणि खिशातल्या बॅटरीवर माझी नवी खिडकी पेटवली. तिनं आकडा बदलून आणला होता. हिरवे तेहतीस झळकले. "बघा ताई, आता खरा आकडा लावलाय."

राजेश्री वाकली. माझ्या खिडकीत पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं. मला पडदा जोडलेला नव्हता, वीज नव्हती, पोटात काहीही चालू नव्हतं.

"मशीन तर बंद हाय," ती म्हणाली. "मंग हे मोजायलंय कोण?"

मित्रांनो, त्या क्षणी मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. शिकलेल्या माणसांनी पुन्हा तीच टोपी घातली होती, फक्त या वेळी आकडा बरोबर होता.

"कोणीच नाही," संघप्रियानं कबूल केलं. "मी लिहून ठेवलाय."

"मंग तुमच्या पप्पांत आन् तुमच्यात काय फरक?"

घरी आल्यावर संघप्रियानं खिडकी काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बोर्डावर एक छोटा स्फटिक असतो, तो ठोके देतो आणि त्या ठोक्यांवर सगळी मशीन चालते. संघप्रियानं त्या ठोक्यांची वाट आपल्या चिपपर्यंत आणली आणि चिपला मोजायला शिकवलं. पहिले आठ दिवस आकडा शून्य, मग एकदम सत्त्याऐंशी, मग काहीच नाही. तिनं दोन चिपा जाळल्या, एकदा माझ्या अंगावर स्क्रूड्रायव्हर फेकला. मी सहन केलं. अखेर एका दुपारी खिडकीत तेहतीस आले. मधूनच बत्तीस होत आणि परत तेहतीस. संघप्रियानं कपाळाला हात लावला, "हा हलतोय का?" सर म्हणाले, "हलू दे. मोजतोय म्हणून हलतोय."

मेळाव्याला सव्वाशे माणसं आली. कुणी मास्तर झालेलं, कुणी तलाठी, कुणी बँकेत. सगळे माझ्याभोवती मोबाइल घेऊन गोळा झाले आणि सगळ्यांनी एकच गिल्ला केला. "सर, सहासष्ट कुठं गेलं?" साखर कारखान्यात कारकून असलेला पप्पू म्हणाला, "सर, फोटोपुरतं तरी सहासष्ट करा की! तेतीस लय कमी वाटायलंय." आता यांना काय म्हणावं! तीस वर्षांनी खरा आकडा पेटला, तर यांना फोटोसाठी खोटा हवा.

सरांनी माइक हातात घेतला. ते भाषण करणार असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी फक्त घडलं ते सांगितलं, पालकांच्या दिवसापासून ताडकळसच्या बाजारापर्यंत. मग म्हणाले, "मी तुम्हा सगळ्यांना चुकीचं शिकवलं. एकीनं विचारलं, तिला गप्प केलं. मी बोलावलं म्हणून ती इथं आली आहे. राजेश्री, जरा पुढं ये."

ती शेवटच्या रांगेत बसली होती. उठली, सावकाश पुढं आली. सरांनी माइक पुढं केला. ती म्हणाली, "मला भाषण येत न्हाई. मशीन एक डाव बंद करा आन् चालू करा. सगळ्यांनी पडद्याकडं बगा."

संघप्रियानं मला बंद केलं. खिडकी विझली. चालू केलं. ठोके सुरू झाले आणि खिडकी पेटली. सव्वाशे माणसं माना वर करून ती दोन सेकंदांची चौकट वाचत होती. कुणी हसलं नाही. पप्पूनं मोबाइल खिशात घातला.

राजेश्री सरांकडं वळली. "सर, माझा क्लास आर्धा राहिलाय."

"मग उद्यापासून ये," सर म्हणाले.

"उद्या जमणार न्हाई. बाजार नसतोय त्या दिवशी येते."

आता ती आठवड्यातून दोनदा गंगाखेडला येते. सर तिला लॅपटॉपवर शिकवतात, मी टेबलाच्या कडेला असतो. ती इतके प्रश्न विचारते की सर अधूनमधून डोकं धरून बसतात. "कामून?" "कशावरनं?" "करून दाखवा." एकदा तर वैतागून त्यांनी चष्मा टेबलावर आपटला. पण मग उचलून पुन्हा लावला आणि करून दाखवलं.

मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. जुन्या वस्तू माळ्यावर टाकण्याआधी एकदा उघडून बघा, पुसून ठेवा, त्यांच्या खिडक्या उपसून टाकू नका. आणि कुठल्याही डब्यावर, काट्यावर, पडद्यावर आकडा दिसला, तर तो कोण मोजतंय ते विचारा. तुमच्यापेक्षा लहान कुणी विचारलं, तर त्याला खाली बसवू नका. उत्तर येत नसेल तर "चल, बघू" म्हणा. या दोन शब्दांना फार वेळ लागत नाही. न म्हटल्यामुळं एका मुलीची तीस वर्षं गेली, आणि तो दिवस मी उघड्या डोळ्यांनी पाहिला.